सोबत : एक फाइल

ऑगस्ट उजाडला की दिवाळी अंकाची मेलपेटी तुंबायला लागते. कथा, कविता, व्यंगचित्रं, जाहिरातींची डिझाइनं, लेखकाचा फोटो आणि लगेच मागून 'आधीचा फोटो रद्द समजावा' म्हणून दुसरा फोटो. सगळं अटॅचमेंट म्हणून येतं. मी ज्या अंकाचं काम पाहतो तिथं एक जण रोज सकाळचा तास-दीड तास याच कामात घालवायचा. मेल उघड, फाइल उतरव, नाव बदल, फोल्डरात टाक, पुढचा मेल उघड. मग सर्व्हर सांभाळणारी मुलगी एकदा म्हणाली, "सर, हे सर्व्हरलाच सांगू या की. मेल दारात आला की तो तिथंच फाइल काढून ठेवेल."

माझ्या डोळ्यांपुढे सरकारी कचेरीतला आवक-जावक विभाग आला. टपाल आलं की कारकून पाकीट फोडतो, आवक क्रमांकाचा शिक्का मारतो आणि तळाशी 'सोबत : वरीलप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर टाचणीनं लावलेले कागद मोजून वेगळे करतो. सर्व्हरही असाच टाचणी काढत असणार, असं मी धरून चाललो होतो. तसं बोलूनही दाखवलं. ती हसली आणि एका कथालेखकाचा मेल तिनं कच्च्या रूपात उघडून दाखवला. म्हणजे आपल्याला पडद्यावर दिसतो तसा नाही, तारेवरून सर्व्हरपर्यंत येतो तसा.

वर दहा-वीस ओळी पत्ते, तारखा, मधल्या सर्व्हरांचे शिक्के. मग लेखकाच्या दोन ओळी. आणि त्याखाली रोमन अक्षरांचा चिखल. मोठी अक्षरं, छोटी अक्षरं, आकडे, मधेच अधिकचं चिन्ह, मधेच तिरपी रेघ. शब्द नाही, मोकळी जागा नाही. एका ओळीत नेमकी ७६ अक्षरं आणि अशा हजारो ओळी.

"फाइल कुठाय?" मी विचारलं.

"हीच."

मेलला फाइल जोडलेली नसतेच. टाचणी नाही, पाकीट नाही, पाकिटातलं पाकीटही नाही. मेल म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत एक सलग मजकूर असतो, आणि फोटो, पीडीएफ, गाणं, जे काही तुम्ही 'जोडता' ते त्या मजकुरातच अक्षरं होऊन विरघळलेलं असतं. त्यामुळे आलेली अटॅचमेंट सर्व्हरवर आपोआप 'साठवायची' म्हणजे ठेवलेली वस्तू उचलायची नसते. अक्षरांमधून ती वस्तू पुन्हा घडवायची असते. हे कळल्यावर मला आमच्या सकाळच्या तासा-दीड तासाचं काहीच वाटेनासं झालं.

असा द्राविडी प्राणायाम कशासाठी, याचं उत्तर जुन्या रस्त्यात आहे. मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसा द्यावा याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा मेल म्हणजे टंकलेला इंग्रजी मजकूर, एवढीच कल्पना होती. म्हणून रस्ताही तेवढ्याच रुंदीचा बांधला. एका अक्षराला सात बिट, म्हणजे एकूण १२८ चिन्हं, आणि एका ओळीला हजार अक्षरांची कमाल मर्यादा. फाइल मात्र आठ बिटांच्या बाइटांची बनलेली असते आणि एका बाइटाची २५६ रूपं असतात. ती तशीच सोडली, तर आठवा बिट वाटेत एखादा जुना सर्व्हर छाटून टाकणार, कुठला तरी बाइट ओळ संपल्याची खूण समजला जाणार आणि फोटोचा भुगा होणार. बर्कलीत मेरी अॅन हॉर्टन यांनी १९८० मध्येच फाइलीला अक्षरांत बदलणारं 'यूयूएन्कोड' केलं होतं. पण पत्रात कुठून कुठपर्यंत फाइल आहे, ती कसली आहे, तिचं नाव काय, हे सगळ्यांना एकाच रीतीनं सांगायची सोय नव्हती.

ती सोय नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड या दोघांनी केली. तिचं नाव 'माइम', आणि मसुदा जाहीर झाला जून १९९२ मध्ये. त्याआधी, ११ मार्च १९९२ रोजी, अमेरिकेतल्या बेलकोर या दूरसंचार संशोधन संस्थेत काम करणाऱ्या बोरेनस्टाइन यांनी या पद्धतीचा एक मेल धाडला. त्यात एक फोटो होता आणि एक गाणं. फोटोत संस्थेतल्याच चौघांची हौशी गायकमंडळी, त्यांपैकी एक खुद्द बोरेनस्टाइन. गाणं म्हणजे एका जुन्या प्रेमगीताचं विडंबन, विषय अर्थात ईमेल. आज दर मिनिटाला जगभर किती फाइली इकडून तिकडे जातात कोण जाणे. त्या सगळ्यांची पणजी म्हणजे ही चार गवयांची थट्टा.

अक्षरांत बदलण्याची जी रीत माइमनं रूढ केली तिला 'बेस-६४' म्हणतात. ती समजायला गणित लागत नाही, धान्याचं माप पुरतं. तीच ज्वारी मोठ्या मापानं मोजली तर तीन मापं भरते, लहान मापानं मोजली तर चार. दाणे तेवढेच राहतात. इथं दाणे म्हणजे बिट. तीन बाइट घ्यायचे, प्रत्येकी आठ बिट, झाले चोवीस. तेच चोवीस बिट सहा-सहाच्या चार वाट्यांत घालायचे. सहा बिटांच्या वाटीची ६४ च रूपं होतात, आणि कुठल्याही जुन्या सर्व्हरनं मुकाट पुढे सरकवावीत अशी ६४ निरुपद्रवी चिन्हं सहज सापडतात : २६ मोठी अक्षरं, २६ छोटी, १० आकडे, अधिकचं चिन्ह आणि तिरपी रेघ. आपल्या त्या चिखलात नेमकी हीच होती. शेवटच्या मापाला दाणे कमी पडले तर 'बरोबर'चं चिन्ह ठेवून वेळ मारून न्यायची. एखाद्या चिखलाच्या अगदी टोकाला अशी एक किंवा दोन चिन्हं दिसली तर ती उरलेल्या वाट्यांची भरताड असते.

याची किंमत आपण सगळे भरतो. तीन बाइटांची चार अक्षरं म्हणजे फाइल एक-तृतीयांशानं फुगली. त्यात प्रत्येक ओळीच्या शेवटची दोन चिन्हं धरली तर वाढ ३७ टक्क्यांच्या जवळ जाते. म्हणून २५ एमबीची मर्यादा सगळ्या मेलला मिळून असते तिथं १९ एमबीची फाइल अडते, आणि आपण सर्व्हरला नावं ठेवतो.

गंमत अशी की हा चिखल रोज पाहणाऱ्याला तो वाचता यायला लागतो. पीडीएफ फाइलीच्या पहिल्या बाइटांत तिचं नाव कोरलेलं असतं, त्यामुळे अक्षरांत बदललेली कुठलीही पीडीएफ जे, व्ही, बी, ई, आर अशीच सुरू होते. कॅमेऱ्यातला जेपेग फोटो तिरपी रेघ, ९, छोटा जे, पुन्हा तिरपी रेघ असा. झिप फाइल यू, ई, एस, डी, बी. ती मुलगी पडद्यावरून मजकूर भराभर वर सरकवत म्हणत होती, "हा फोटो. ही पीडीएफ. ही वर्डची फाइल, कारण आजकालची वर्डची फाइल आतून झिपच असते." डॉक्टर नाडीवर बोट ठेवून सांगतात तसं.

आणि मराठी? मी तिला मुद्दाम साध्या मजकुराची एक फाइल धाडून पाहिली, आत एकच शब्द : मराठी. युनिकोडच्या रूढ साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि बेस-६४ सुद्धा तिनाच्या मापानंच चालतं. त्यामुळे माझ्या शब्दाचे पाच सुबक गट पडले : म, र, काना, ठ आणि वेलांटी. पहिले चारही गट '४, के, एस' नं सुरू, वेलांटीचा '४, के, डब्ल्यू' नं. देवनागरीचा तक्ता युनिकोडमध्ये ज्या दोन घरांत विभागला आहे त्यांचे हे दोन दरवाजे. मधे मोकळी जागा आली की ताल चुकतो, कारण ती एकाच बाइटाची. पण शब्दापुरतं पाहिलं तर ज्ञानेश्वरी असो की किराणा मालाची यादी, इथं सगळ्यांचं आडनाव '४ के'.

आता सर्व्हरवरच्या त्या छोट्या प्रोग्रामकडे वळू. या अथांग मजकुरात फाइल कुठं सुरू होते हे त्याला कसं कळतं? मेल पाठवतानाच पाठवणाऱ्याचा प्रोग्राम एक सीमाखूण ठरवतो, मनाला येईल तशी लांबलचक अक्षरमाळा, आणि ती मेलच्या माथ्यावर जाहीर करतो. पुढे जिथं जिथं दोन आडव्या रेघा आणि त्यापाठोपाठ ती खूण येईल तिथं एक भाग संपून दुसरा सुरू. खुणेच्या मागेही दोन रेघा असतील तर सगळंच संपलं. आता खूण चुकून फोटोच्या चिखलातच उमटली तर? उमटू शकत नाही. बेस-६४ च्या ६४ चिन्हांमध्ये आडवी रेघ घेतलेलीच नाही. शेताच्या बांधासाठी असा दगड निवडायचा की जो शेतात सापडूच शकणार नाही. असं बिनबोभाट शहाणपण पाहिलं की मी खुर्चीत जरा सावरून बसतो.

प्रत्येक भागाच्या डोक्यावर त्याची चिठ्ठी असते : हा कसला मजकूर आहे, कोणत्या रीतीनं अक्षरांत बदललाय, आणि तो पत्रातच दाखवायचा की वेगळा ठेवायचा. ही शेवटची सूचना फार मोलाची. ती न वाचता आलेलं सगळं साठवायचं ठरवलं, तर लोकांच्या सहीखालचे कंपनीचे लोगोही साठतात. आमच्या पहिल्या आठवड्यात हेच झालं. फोल्डरात कथा थोड्या आणि 'इमेज००१' नावाचं चित्र ढिगानं. कुठल्या तरी जाहिरात कंपनीचं तेच ते निळं वर्तुळ.

हा प्रोग्राम बसवायची जागाही निवडून घ्यावी लागते. आमच्याकडे पोस्टफिक्स आहे, वित्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेला सर्व्हर, १९९८ सालापासूनचा. अमुक पत्त्यावर मेल आला की तो पेटीत टाकून शिवाय अमुक प्रोग्रामच्या तोंडात ओत, असं त्याला एका ओळीत सांगता येतं. प्रोग्राम चिठ्ठ्या वाचतो, वाट्या परत तीनच्या मापात ओततो आणि फाइल लिहून मोकळा होतो. बारा-पंधरा ओळींचं काम. उलगडण्याची हत्यारं पायथॉनसारख्या भाषांत तयार मिळतात.

मला त्याहून भारी वाटला तो दारातला संवाद. पाठवणारा सर्व्हर सगळा मजकूर सांगून झाला की एका ओळीवर नुसता एक पूर्णविराम ठेवतो. त्यावर घेणारा सर्व्हर २५० हा आकडा उच्चारतो. त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी घेणाऱ्याची. पाठवणारा आपली प्रत पुसून टाकायला मोकळा. नियमांत स्पष्ट लिहिलंय की यानंतर मशीन बंद पडलं किंवा जागा संपली असल्या सबबीखाली पत्र हरवता कामा नये. आपल्या तोंडी 'हो, मिळालं' एवढं वजन आणायचं तर काय काय करावं लागेल!

आणि फाइल काढणारा प्रोग्रामच आजारी पडला तर? डिस्क भरलीय, किंवा फोल्डर सापडत नाहीय. मग त्यानं मरताना ७५ हा आकडा मागे ठेवायचा. बर्कलीच्या जुन्या युनिक्समधून चालत आलेली ही खूण आहे. अर्थ : आत्ता जमत नाही, पुन्हा या. पोस्टफिक्स मेल रांगेत ठेवतो, थांबून थांबून दार वाजवतो आणि काही बदललं नसेल तर पाच दिवस चिकाटी सोडत नाही. ७५ च्या जागी नुसता १ मागे ठेवला, तर मात्र तो हे कायमचं अपयश समजतो आणि पत्र लेखकाकडे परत. आमच्या एका ज्येष्ठ कवींना त्यांची कविता अशी साभार परत गेली होती, संपादकानं न वाचताच. त्यांचा फोन आला. पुढचं लिहीत नाही.

दुसरी रीत अशी की प्रोग्रामनं मेलपेटीवर नजर ठेवायची. पण त्यात एक मेख आहे : मेल अर्धाच लिहून झालेला असताना यानं उघडला तर? त्यावर डॅनियल बर्नस्टाइन यांनी नव्वदच्या दशकात 'मेलडिर' नावाची रचना केली, आणि ती तीन खोल्यांचीच आहे. पहिली कच्च्या मालाची, दुसरी नव्या मेलची, तिसरी पाहून झालेल्याची. मेल आधी पहिल्या खोलीत पूर्ण लिहायचा आणि मग एकाच झटक्यात दुसरीत सरकवायचा. हे सरकवणं म्हणजे नुसता नावाचा बदल, त्यामुळे ते एक तर झालेलं असतं किंवा झालेलं नसतं. दुसऱ्या खोलीत अर्धवट पत्र कधीच दिसत नाही. कुलूप नाही, रखवालदार नाही, तरी कोणी कोणाच्या पायात येत नाही.

खरी डोकेदुखी नावांची. फाइलीचं नाव पाठवणाऱ्यानं ठरवलेलं, आणि पाठवणारा कोणीही असू शकतो. नावातच 'वरच्या फोल्डरात जा, अजून वर जा' असं लिहून सर्व्हरच्या गाभाऱ्यात घुसायची युक्ती जुनी आहे. भोळा प्रोग्राम त्या नावाबरहुकूम चालतो. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून निघालेल्या 'आय लव्ह यू' या किड्यानं नावाचाच खेळ केला होता. प्रेमपत्राची फाइल, शेवटी टीएक्सटी, म्हणजे साधा मजकूर. त्यामागचं 'व्हीबीएस' हे खरं शेपूट विंडोज लपवून ठेवत असे. त्यामुळे आलेल्या नावावर विसंबायचं नाही आणि आलेल्या झिपवरही नाही. '४२ झिप' म्हणून एक प्रसिद्ध फाइल आहे. ती ४२ केबीची, पण आतल्या झिपांतल्या झिपा शेवटपर्यंत उघडत गेलं तर ४.५ पेटाबाइट होते, म्हणजे ४५ लाख जीबी. वामनाची पावलंच म्हणायची. शहाणा सर्व्हर तिसरं पाऊल मागतच नाही.

मराठी नावांची कथा आणखी निराळी. भागाच्या डोक्यावरच्या चिठ्ठीतही तीच जुनी सात बिटांची वाट असते, म्हणून 'कथा' हे नाव तिथं टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेल्या २७ अक्षरांत लिहून येतं. हा नियम झाला. कित्येक प्रोग्राम तो न पाळता विषयाच्या ओळीसाठीची वेगळीच रीत नावाला लावतात, तेव्हा दोन्ही वाचता आल्या पाहिजेत. लिनक्सवर फाइलनावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजीला ती ऐसपैस, पण देवनागरीत काना-मात्रा धरून ८५ चिन्हांत आटोपावं लागतं. लेखक मंडळी फाइलीच्या नावातच सारांश लिहितात हे त्या नियम करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. आणि ज्यांना सारांश लिहायचा नसतो ते सगळे 'कथा फायनल' लिहितात.

तेव्हा साठवताना फाइलीला तिच्याच आतल्या मजकुरावरून काढलेलं नाव द्यायचं असं ठरलं. बोटाच्या ठशासारखं. 'शा-२५६' नावाच्या गणितात फाइल टाकली की ६४ चिन्हांचा ठसा निघतो. कथेतला एक अनुस्वार बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो. काहीच बदललं नाही तर हजार वेळा काढला तरी तोच. लेखकानं दिलेलं नाव बाजूच्या नोंदवहीत राहतं, आवक क्रमांकासारखं.

डोव्हकॉट नावाचा मेलपेटी सांभाळणारा सर्व्हर याच्याही पुढे जातो. सांगितलं तर तो मोठ्या अटॅचमेंट मेलमधून काढून, परत मूळ बाइटांत आणून वेगळ्या ठेवतो. एकच फाइल पन्नास जणांना आली तर एकच प्रत. मेल कोणी उघडला की ती फाइल पुन्हा वाट्यांत ओतून, ओळी पाडून, चिखल जसाच्या तसा उभा करतो. पण काढण्याआधी तो एक गोष्ट पाहून घेतो : हुबेहूब तोच चिखल आपल्याला पुन्हा करता येईल का? एखाद्या विक्षिप्त प्रोग्रामनं ओळी मनाला येतील तिथं तोडल्या असतील, तर तो भाग अक्षरांतच राहू देतो. कारण आजकाल पाठवणारा सर्व्हर मेलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशावर सही करतो. एखादी ओळ जरी वेगळ्या जागी तुटली तरी सही खोटी ठरू शकते.

गेल्या आठवड्यात ती मुलगी मला बोलवायला आली. नोंदवहीत एकाखाली एक दोन नावं होती : 'वाऱ्यावरचं घर' आणि 'वाऱ्यावरचं घर'. मी चष्मा पुसून पाहिलं. काही फरक नाही.

"यंत्राला ही दोन वेगळी नावं वाटतायत," ती म्हणाली. "एकात ऱ्या मधला ऱ हे एकच चिन्ह आहे. दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली नुक्ता, अशी दोन चिन्हं. जुन्या मॅकवरून आलेलं दिसतंय, तो नावांची अशी फोड करायचा."

"म्हणजे दोन कथा?"

तिनं ठसे काढले. ६४ चिन्हं, आणि त्याखाली पुन्हा ६४. मी बोटानं एक एक चिन्ह ताडत शेवटपर्यंत गेलो. दोन्ही सारखे होते.